पिठातलं यीस्ट श्वास घेतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रेडच्या बहुतेक कृतींत लिहिलेलं असतं की यीस्ट श्वसन करतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि त्याने पीठ फुगतं. श्वसन म्हटलं की ऑक्सिजन आलाच. मग मळलेला गोळा झाकून कशाला ठेवायचा? घट्ट झाकणाच्या डब्यात यीस्ट गुदमरणार नाही का? आणि एकदा फुगलेलं पीठ दाबून त्यातला वायू काढतात, ते यीस्टला ताजी हवा मिळावी म्हणूनच ना?

मी बावीस वर्षं ब्रेड करते आहे आणि त्यातली बारा वर्षं शिकवतेही आहे. हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला नेहमी कौतुक वाटतं, कारण कृतीतलं वाक्य वाचून त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न त्यात दिसतो. शिवाय हा गोंधळ शब्दांपुरता राहत नाही, तो हातात उतरतो. मी शिकाऊ होते तेव्हा मला सांगितलं गेलं होतं, "पिठाला श्वास घेऊ दे, झाकू नकोस." मी गोळा उघडा ठेवला. दीड तासाने त्यावर जाडसर कोरडी साल धरली होती. आकार देताना ती तशीच आत वळली गेली, आणि ब्रेड कापल्यावर मधोमध एक करडी, चिवट रेघ निघाली. साल ताणली जात नाही, म्हणून ब्रेड फुगलाही एकाच अंगाने. यीस्टसाठी म्हणून जे केलं त्याचा यीस्टला काडीचाही उपयोग झाला नव्हता.

सरळ उत्तर असं: पिठातलं यीस्ट श्वसन करतं, पण पहिली काही मिनिटंच. तेवढ्यात पिठातला ऑक्सिजन संपतो. त्यानंतर भट्टीत मरेपर्यंत यीस्ट जे करतं ते किण्वन. ब्रेड फुगतो तो किण्वनाने. आणि मला ठासून सांगायचंय ते पुढचंच आहे: निव्वळ श्वसनाने पीठ फुगूच शकत नाही, ऑक्सिजन भरपूर असला तरीही.

शब्दांबद्दल आधी थोडं. शाळेत श्वसनाचे दोन प्रकार शिकवतात, ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन, आणि यीस्टचं किण्वन दुसऱ्या प्रकारात घालतात. त्या अर्थाने ‘यीस्ट श्वसन करतं’ हे वाक्य चुकीचं नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात मात्र दोन्ही शब्द वेगळे ठेवतात, आणि बेकरीच्या कामालाही तेच सोयीचं पडतं. मी पुढे श्वसन म्हणेन तेव्हा ऑक्सिजन वापरून साखर पूर्ण जाळणं असा अर्थ घ्या. किण्वन म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करणं.

दोन्हींची सुरुवात एकच असते. ग्लुकोजच्या एका रेणूत सहा कार्बन असतात. पेशी तो रेणू फोडून तीन-तीन कार्बनचे पायरुव्हेटचे दोन रेणू करते आणि त्यातून तिला एटीपीचे दोन रेणू मिळतात. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. वाटा फुटतात त्या इथे. श्वसनात पायरुव्हेट तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात (मायटोकाँड्रियात), जातं आणि पुरतं जळतं. ऑक्सिजनचे सहा रेणू खर्ची पडतात, कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू आणि पाणी बाहेर येतं आणि एटीपी कित्येक पटींनी जास्त मिळतं. किण्वनात प्रत्येक पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइडचा एकेक रेणू सुटतो आणि उरलेल्या दोन कार्बनांचं इथेनॉल होतं. वजनात सांगायचं तर १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. ऊर्जा मात्र सुरुवातीला मिळालेली तेवढीच.

आता कोणी म्हणेल, श्वसनात सहा रेणू सुटतात आणि किण्वनात दोनच, म्हणजे श्वसनाने तिप्पट फुगायला हवं. मीही अनेक वर्षं असंच समजत होते. पण हिशेबाची दुसरी बाजू बघा. श्वसनात कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू बाहेर येतात तेव्हा ऑक्सिजनचे सहा रेणू आत गेलेले असतात. ऑक्सिजनही वायूच. पिठातल्या बुडबुड्यांमधून सहा माप वायू उचलला आणि सहा माप परत टाकला. बेरीज शून्य. उलट कार्बन डायऑक्साइड पाण्यात ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतो, म्हणजे त्यातला बराचसा पिठातल्या पाण्यातच राहणार आणि बुडबुडा किंचित आक्रसणार. किण्वनात मात्र वायू घातलेला काहीच नसतो आणि दोन माप नवा वायू मिळतो. पीठ फुगवणारं जे काही आहे ते या नव्या वायूत आहे.

एक साधं पीठ घेऊन आकडे मांडू. ५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, १० ग्रॅम ताजं दाबीव यीस्ट. मळून झाल्यावर या गोळ्याचं आकारमान साधारण पाऊण लिटर भरतं आणि त्यातला दहावा हिस्सा मळताना कोंडली गेलेली हवा असते, म्हणजे ७५ मिलिलिटरच्या आसपास. हवेचा पाचवा भाग ऑक्सिजन, तो झाला १५-१६ मिलिलिटर. पाण्यात विरघळलेला आणखी दोनेक मिलिलिटर धरा. एवढ्या ऑक्सिजनवर यीस्टला जेमतेम २२ मिलिग्रॅम ग्लुकोज जाळता येतं. चिमटीत धरलेल्या साखरेतलेही थोडेच दाणे होतात.

समोर यीस्ट किती आहे? ताज्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये हजार कोटींच्या घरात पेशी असतात. दहा ग्रॅममध्ये दहा हजार कोटी. एवढ्या पेशींना १८ मिलिलिटर ऑक्सिजन किती वेळ पुरणार? मोजून दोन ते सात मिनिटं. आणि त्यावर हक्क सांगणारं यीस्ट एकटंच नसतं. पिठातली काही विकरं (एन्झाइम) आणि स्निग्धांशही तोच ऑक्सिजन ओढतात. मळणं संपून गोळा भांड्यात जाईपर्यंत आतला ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. बाहेरची हवा दाट पिठातून आत झिरपते ती इतकी हळू, की वरच्या पातळ थरापलीकडे ती पोचण्याआधीच खाल्ली जाते.

याच गोळ्याला चांगलं फुगायला दीड लिटरच्या पुढे वायू लागतो. किण्वनातून एका ग्रॅम ग्लुकोजमागे साधारण २७० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे सहा ग्रॅम साखर, आणि विरघळणारा व निसटणारा वायू धरला तर सात-आठ. सात ग्रॅम कुठे आणि २२ मिलिग्रॅम कुठे! श्वसनात गेलेली साखर हजारात तीन भाग भरते.

एवढी साखर येते कुठून, हे या ओघातच सांगते, कारण साखर घातल्याशिवाय यीस्ट काम करत नाही असं अनेकांना वाटतं. मैद्यात स्वतःची साखर वजनाच्या एक ते दोन टक्के असते. ५०० ग्रॅम मैद्यात पाच ते दहा ग्रॅम. शिवाय दळताना स्टार्चचे काही कण चिरडले जातात आणि पाणी लागलं की मैद्यातली अमायलेज विकरं त्या चिरडलेल्या स्टार्चमधून माल्टोज ही साखर काढायला लागतात. त्यामुळे मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट यांचा साधा ब्रेड साखरेच्या दाण्याशिवाय छान फुगतो. फक्त एक खाच आहे. यीस्ट आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज संपवतं. माल्टोज पेशीत ओढून घेण्याची यंत्रणा त्याला नव्याने उभी करावी लागते. बिनसाखरेच्या पिठात मध्येच फुगण्याचा वेग मंदावल्यासारखा वाटतो तो या बदलाचा काळ. अशा वेळी घाबरून पिठाला जास्त ऊब देऊ नका. अर्ध्या-पाऊण तासात ते पुन्हा वेग घेतं.

आता झाकणाबद्दल. वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा करून बघण्यासारखा हा प्रयोग आहे, मी दर वर्गात करायला लावते. सरळ भिंतीच्या दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्या. एकाच पिठाचे शंभर-शंभर ग्रॅमचे दोन गोळे करा, तळाशी दाबून सपाट करा आणि बाहेरून रबरबँड लावून पातळीची खूण करा. एकीवर ओलं फडकं टाका. दुसरीला घट्ट झाकण लावा, झाकणातून एक बारीक नळी काढा आणि नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा, म्हणजे आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडेल पण बाहेरची हवा आत येणार नाही. दोन्ही बरण्या शेजारी ठेवा. पहिली वीस मिनिटं दोन्हींत काही होत नाही. मग काचेला लागून टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं दिसू लागतात, ती गोल असतात, हळूहळू एकमेकांना टेकतात आणि कोनदार होतात. तासाभराने दोन्ही पिठं खुणेच्या दुप्पट वर आलेली असतात, आणि माझ्या बघण्यात आजवर त्यांच्यात बोटभराचाही फरक पडलेला नाही. फरक दिसतो तो वरच्या पृष्ठभागात: फडक्याखालचं पीठ कडेने सुकायला लागलेलं असतं, झाकणाखालचं ओलसर आणि मऊ. झाकण काढून नाक जवळ न्याल तर जपून न्या. कोंडलेला कार्बन डायऑक्साइड नाकात सुईसारखा टोचतो आणि त्यामागून अल्कोहोलचा वास येतो.

तेव्हा पीठ खुशाल झाकून ठेवा. घट्ट झाकणाची भीती यीस्टच्या गुदमरण्यासाठी बाळगायची नाही, वायूच्या दाबासाठी बाळगायची. काचेची बरणी पूर्ण बंद करून उबेत ठेवली तर ती फुटू शकते. झाकण सैल ठेवा, तेवढं पुरे.

पहिल्या वीस मिनिटांत काही होत नाही याचंही कारण याच गणितात आहे. पिठातल्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला, आपल्या मापात साधारण पाव लिटरहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळू शकतो. यीस्ट पहिल्या क्षणापासून राबत असतं, पण सुरुवातीचा सगळा वायू पाण्यात विरतो. पाणी तृप्त झालं की मग तो बुडबुड्यांत शिरतो.

इथे एक गोष्ट आहे जी मला या सगळ्या विषयात सर्वात सुंदर वाटते. यीस्ट बुडबुडा तयार करू शकत नाही. यीस्टची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. पृष्ठताणामुळे बुडबुडा जितका लहान, तितका त्याच्या आतला दाब जास्त लागतो. शून्यातून नवा बुडबुडा उभा करायचा तर जो दाब लागेल तो विरघळलेल्या वायूच्या आवाक्याबाहेरचा असतो. म्हणून वायू तिथेच जातो जिथे बुडबुडा आधीपासून आहे. आणि आधीपासून असलेले बुडबुडे म्हणजे मळताना कोंडली गेलेली हवा. १९४१ मध्ये बेकर आणि माइझ या संशोधकांनी पीठ निर्वातात मळून हे दाखवलं. हवेचे बुडबुडेच नसलेल्या पिठात यीस्ट वायू सोडत राहिलं, पण ब्रेडची बारीक जाळी काही तयार झाली नाही.

म्हणजे हवा लागते, आणि भरपूर लागते. पण कशासाठी? तिच्यातला ऑक्सिजन काही मिनिटांत खाऊन टाकला जातो. उरतो नायट्रोजन. तो यीस्टला पचत नाही आणि पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून तो बारीक बुडबुड्यांच्या रूपाने टिकून राहतो आणि पुढे सगळा कार्बन डायऑक्साइड त्यांच्यातच भरतो. तुमच्या ब्रेडमधलं प्रत्येक छिद्र म्हणजे मळताना अडकलेल्या नायट्रोजनच्या एखाद्या ठिपक्याची वाढलेली आवृत्ती आहे. पीठ नीट मळा असं मी विद्यार्थ्यांना परत परत सांगते ते ग्लुटेनसाठी, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनांच्या जाळ्यासाठी, तर आहेच, पण या ठिपक्यांसाठीही आहे.

ऑक्सिजनही अगदी वाया जात नाही. ग्लुटेनच्या साखळ्या घट्ट करणाऱ्या रासायनिक क्रियांना तो लागतो. कारखान्यांत पिठात ॲस्कॉर्बिक आम्ल घालतात, तेही ऑक्सिजनने आधी बदलतं आणि मगच काम करतं. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या चॉर्लीवुड इथे जी झटपट मळणीची पद्धत निघाली तिचा मोठा आधार हाच होता. उलट, फार वेळ जोरात मळलं तर तोच ऑक्सिजन मैद्यातली पिवळसर रंगद्रव्यं उडवतो. ब्रेड पांढराफटक होतो आणि चवीलाही फिका लागतो. माझा कल कमी मळण्याकडे आणि पिठाला अधूनमधून घड्या घालण्याकडे आहे, त्यामागे हे कारण आहे.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. फुगलेलं पीठ दाबून वायू काढल्यावर ते दुसऱ्यांदा जोमाने फुगतं हे खरं. घड्या घालताना थोडी ताजी हवा आत जाते हेही खरं. पण तिच्यातल्या ऑक्सिजनचं काय होतं ते वर आलंच आहे, तो मिनिटांत संपतो. जोम येतो त्याची कारणं वेगळी आहेत. यीस्टच्या पेशी पिठात हिंडू शकत नाहीत. जिथे आहेत तिथलीच साखर त्या खातात आणि त्यांच्याभोवती साखरेचा दुष्काळ पडतो. पीठ दाबून घडी घातली की त्या नव्या साखरेशेजारी जातात. गोळ्याचा मधला भाग बाहेरच्यापेक्षा गरम झालेला असतो, ते तापमान सारखं होतं. आणि मोठे बुडबुडे फुटून त्यांचे अनेक लहान होतात, म्हणून पुढची जाळी जास्त बारीक येते. घड्यांनी ग्लुटेनही पुन्हा ताणलं जातं आणि वायू धरून ठेवतं. म्हणूनच मोठ्या छिद्रांचा ब्रेड हवा असेल तर मी पीठ ठोसून सगळा वायू काढत नाही, हलक्या हाताने फक्त दोन-तीन घड्या घालते.

मग यीस्टच्या श्वसनाला ब्रेडमध्ये काहीच जागा नाही का? आहे, आणि फार मोठी आहे, पण ती तुमच्या ओट्यावर नाही. ती यीस्टच्या कारखान्यात आहे.

लुई पाश्चरने १८६१ मध्ये नोंदवलं होतं की हवा दिली तर यीस्ट भराभर वाढतं आणि वाढीच्या मानाने साखर कमी खातं. हवा नसली की साखर बेसुमार खातं, पण वाढतं थोडंसंच. कारण उघड आहे. श्वसनात एका रेणूतून इतकी ऊर्जा मिळते की पेशीला नवीन पेशी बांधायला ती पुरते. ढोबळमानाने, हवेवर वाढवलं तर एक ग्रॅम साखरेतून अर्धा ग्रॅम कोरडं यीस्ट मिळतं आणि हवेशिवाय त्याचा पाचवा हिस्साच. याशिवाय पेशीच्या पटलाला लागणारं अर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्लं यीस्टला ऑक्सिजनशिवाय बनवताच येत नाहीत. हवेविना काही पिढ्या वाढल्या की हा साठा वाटून वाटून संपतो आणि वाढ थांबते.

पण नुसती हवा देऊन भागत नाही. या यीस्टचा स्वभाव असा, की भोवती साखर मुबलक दिसली की ऑक्सिजन असूनही ते किण्वन करतं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. हर्बर्ट क्रॅबट्री यांनी १९२९ मध्ये कर्करोगाच्या गाठींतल्या पेशींबद्दल अशीच गोष्ट नोंदवली, त्यावरून हे नाव पडलं. साखरेची ही मर्यादा फार खाली आहे, एका लिटर पाण्यात ग्रॅमचा दशांश-दोन दशांश एवढीच. म्हणून कारखान्यात काकवीचं पातळ पाणी टाकीत थेंबाथेंबाने सोडतात आणि खालून हवेचा जोरदार मारा करतात. साखर आली की लगेच खाल्ली जाते, साठत कधीच नाही, आणि यीस्टला श्वसन सोडून किण्वनाकडे वळायला निमित्त मिळत नाही. पहिल्या महायुद्धाच्या आसपास जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये ही पद्धत बसवली गेली आणि आजही यीस्ट असंच बनतं. शेवटच्या टप्प्यात पेशींना ट्रेहॅलोज नावाची साखर साठवू देतात. वाळवताना आणि गोठवताना ती पेशीला तगवून धरते.

तुमच्या हातातलं पाकीट ही श्वसनाची कमाई आहे. पेशींची संख्या, त्यांच्या पटलांची बळकटी, आतला साठा, सगळं तिथे ऑक्सिजनवर कमावलेलं असतं. पिठात आल्यावर यीस्ट ती कमाई खर्च करतं. नेहमीच्या प्रमाणात यीस्ट घातलेल्या आणि तीन-चार तासांत भट्टीत जाणाऱ्या पिठात पेशींची संख्या फारशी वाढत नाही. ‘यीस्ट वाढतंय म्हणून पीठ वाढतंय’ असं कोणी म्हटलं की मी थांबवून दुरुस्त करते. पीठ वाढतं ते आधीच असलेल्या पेशींच्या कामाने. वाढ हवी असते ती चिमूटभर यीस्ट घालून रात्रभर ठेवलेल्या पातळ आंबवणात. अशा आंबवणाला सुरुवातीला चांगलं फेटून हवा दिली तर थोडा फायदा होतो, कारण तेवढ्या ऑक्सिजनवर यीस्ट अर्गोस्टेरॉलची बेगमी करून घेतं. पण तिथेही साखरेची कमतरता नसल्याने मुख्य काम किण्वनच.

कोमट साखरपाण्यात यीस्ट भिजवल्यावर दहा मिनिटांत जो फेस येतो तोही किण्वनाचा. साखर एवढी असते की उघड्या पेल्यातही क्रॅबट्री परिणाम लागू पडतो. पाणी उकळून, त्यातली विरघळलेली हवा घालवून, झाकून कोमट केलं आणि त्यात यीस्ट टाकलं तरी फेस तितकाच येतो. कोरडं यीस्ट वापरत असाल तर एक सांगते, ते गार पाण्यात कधी भिजवू नका. वाळवलेल्या पेशींची पटलं पुन्हा जुळून यायच्या आत गार पाण्यात त्यांच्यातून ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य झिरपतं, आणि ते ग्लुटेनचे बंध तोडतं. पीठ सैल आणि चिकट का झालं ते मग कळत नाही. दाणेदार ‘ॲक्टिव्ह ड्राय’ यीस्टला ३८ ते ४३ अंश सेल्सियसचं पाणी लागतं. ‘इन्स्टंट’ यीस्ट थेट मैद्यात मिसळता येतं.

ऑक्सिजन आपल्या हातात नाही, तर मग काय आहे? माझ्या मते पहिलं तापमान, आणि बाकीचं बरंच मागे. २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात दर आठ-दहा अंशांना वायूचा वेग जवळपास दुप्पट होतो. वायू सर्वात जोरात ३५ ते ३८ अंशांना सुटतो, पण त्या तापमानाला चव तयार व्हायला वेळच मिळत नाही. मी पीठ २५-२६ अंशांवर ठेवते. त्यासाठी मळल्यानंतरचं पिठाचं तापमान मोजायची सवय लावा, खोलीचं मोजून उपयोग नाही. हाताने मळताना सोपा हिशेब म्हणजे हव्या त्या तापमानाची दुप्पट करा आणि त्यातून मैद्याचं तापमान वजा करा. पीठ २६ अंशांना हवं असेल आणि मैदा २० अंशांचा असेल, तर पाणी ३२ अंशांचं. गेल्या कित्येक वर्षांत ‘यीस्ट मेलं होतं’ म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींत यीस्ट बहुतेक वेळा जिवंत होतं, पीठ फक्त गार होतं.

मीठ मैद्याच्या दोन टक्क्यांपर्यंत असेल तर किण्वन थोडं मंदावतं, आणि ते बरंच असतं. साखर मात्र दहा टक्क्यांच्या पुढे गेली की ती मदत करायची सोडून पेशीतलं पाणी ओढायला लागते. गोड, लोणीदार पिठाला म्हणूनच जास्त साखर सोसणारं वेगळं यीस्ट मिळतं, ते वापरा.

आणि वायू किती तयार झाला याइतकंच तो किती टिकला हे महत्त्वाचं. प्रमाणाबाहेर फुगलेलं पीठ बसतं ते यीस्ट दमून किंवा ऑक्सिजन संपून नव्हे. बुडबुड्यांमधले ग्लुटेनचे पडदे ताणून ताणून फाटतात आणि वायू निघून जातो. ओल्या बोटाने गोळ्यावर हलकेच दाबून बघा. खळगा लगेच भरून आला तर वेळ आहे. हळूहळू अर्धवट भरला तर भट्टीत घालायची वेळ झाली. तसाच राहिला तर उशीर झाला.

भट्टीत ब्रेड शेवटचा जो उसळतो त्यात यीस्टचा वाटा लोक समजतात त्याहून लहान असतो. पीठ तापू लागतं तसं किण्वन काही मिनिटं वेग घेतं, पण ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान यीस्ट मरतं. बुडबुड्यांतला वायू तापून प्रसरण पावतो, पण २७ अंशांपासून ९५ अंशांपर्यंत तो जेमतेम तेवीस टक्के वाढतो. उरलेली उसळी येते ती पाण्यात विरघळून बसलेल्या त्या पाव लिटर कार्बन डायऑक्साइडमुळे, जो पाणी तापताच बाहेर पडतो, आणि वाफेमुळे. इथेनॉलही असतंच, आपल्या मापात तीनेक ग्रॅम. ते ७८ अंशांना उकळतं, म्हणजे पाण्याच्या बरंच आधी, आणि त्याची वाफही बुडबुड्यांत भरते. मग स्टार्च पाणी पिऊन घट्ट होतो, पडदे जागोजाग फाटून एकमेकांत उघडतात आणि सगळा वायू निघून गेला तरी ब्रेड उभा राहतो. पहिल्या दहा-बारा मिनिटांनी भट्टीचं दार किंचित उघडलंत तर चेहऱ्यावर येणाऱ्या वाफाऱ्यात भाजल्याच्या वासाआधी एक झोंबरा, गोडसर वास येतो. तो या अल्कोहोलचा.